केसतोड पिळायचं नाही, शेकायचं: माझ्या कमरेवरच्या गळवाची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? लावा, कारण आजचा विषय स्पीकरवर, घरच्यांसमोर ऐकायला जरा अवघड जाईल. आपल्याकडे म्हणतातच, अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर. तर आज त्या अवघड जागांबद्दल बोलू. काख, मांडी, कंबर, बूड, मान. आणि तिथे अचानक उगवणारं ते लालबुंद, ठणकणारं गळू.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. मी पेशंट होतो, आणि तोही मूर्ख पेशंट. हा भाग करण्याआधी माझ्यावर उपचार केलेल्या डॉक्टर मॅडमना सगळी माहिती वाचून दाखवली आणि त्यांनी जिथे कान पिळले तिथे बदल केले.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीची. मी पुण्यात एका ढोल-ताशा पथकात ढोल वाजवतो. जुलैपासून नदीपात्रात सराव सुरू होतो. वरून पाऊस, आतून घाम, आणि कमरेला घट्ट आवळून बांधलेला ढोल. ज्यांनी वाजवलाय त्यांना माहिती आहे, कमरेची कातडी सोलवटते. त्यातच डाव्या बाजूला एक बारीकशी लाल पुळी आली. मी म्हटलं, घामोळं असेल. दोन दिवसांनी ती वाटाण्याएवढी झाली, चौथ्या दिवशी मोठ्या बोराएवढी. हात लावला तरी डोळ्यांत पाणी. विसर्जनाला पाच दिवस बाकी होते.

घरी फोन केला तर आजी म्हणाली, "केसतोड आहे बाळा ते. गरम पाण्याने शेक आणि हात लावू नकोस. पिकू दे त्याला. कच्चं फळ कुणी तोडतं का?" आणि वर, "आंबे कमी खा म्हटलं होतं तुला." सप्टेंबरात आंबे कुठले! पण आजीच्या मते मे महिन्यातली उष्णता आता बाहेर पडत होती.

पथकातला एक मित्र म्हणाला, "अरे, आजीचं काय ऐकतोस? पिन तापव, टोच आणि पिळ. माझं असंच बसलं होतं." मी मित्राचं ऐकलं. बाथरूममध्ये, आरशात बघत, दोन्ही अंगठ्यांनी जोर लावला. थोडासा पू आला, बरंच रक्त आलं. पाच मिनिटं इतकं हलकं वाटलं की मी मित्राला मेसेज पण केला, "भारी आयडिया."

रात्री हुडहुडी भरली. सकाळी कमरेवर तळहाताएवढा भाग लाल, कडक आणि तापलेला. तरी मी डॉक्टरकडे गेलो नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो, शर्ट थोडा वर केला, आणि काउंटरवरच्या माणसाने एक ट्यूब आणि सहा कॅप्सूल दिल्या. ट्यूब लावल्यावर एक दिवस लाली कमी वाटली. दुसऱ्या दिवशी १०२ ताप. मग डॉक्टर, मग सलाइन, मग दोन रात्री हॉस्पिटलमध्ये. अनंत चतुर्दशीला आमचं पथक रस्त्यावर होतं आणि मी हाताला सुई लावून खाटेवर, मोबाईलवर मिरवणूक बघत. खिडकीतून कुठल्या तरी दुसऱ्या पथकाच्या ताशाचा आवाज येत होता. तो आवाज मला अजून आठवतो, आणि म्हणून हा भाग.

एक जंतू, सात नावं

मराठीत या दुखण्याला किती नावं आहेत बघा. केसाच्या मुळाशी झालं की केसतोड. लहानसं असलं तर करट. मोठं, पू भरलेलं ते गळू. काखेत आलं की काखमांजरी. पापणीच्या कडेला आली की रांजणवाडी. नखाच्या बाजूला सुजलं की नखुरडं. आणि शेजारशेजारची बरीच गळवं आतून एकमेकांना जोडली जाऊन अनेक तोंडांचा एकच मोठा गठ्ठा झाला, तर काळपुळी. आपल्या पणज्यांनी जागेवरून आणि आकारावरून ही नावं दिली. पण बहुतेक वेळा या सगळ्यांच्या मागे एकच आरोपी असतो: स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जिवाणू. आपण त्याला नुसतं स्टॅफ म्हणू.

हा सापडला कसा, तेही मजेशीर आहे. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनमध्ये अलेक्झांडर ऑगस्टन नावाचे सर्जन होते. त्यांनी १८८० च्या सुमारास रुग्णांच्या गळवातला पू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्यांना गोल गोल दाण्यांचे घोस दिसले. ग्रीक भाषेत द्राक्षांच्या घोसाला स्टॅफिली म्हणतात, त्यावरून हे नाव. नाशिककरांनी कॉलर टाइट करायला हरकत नाही. पुढे १८८४ मध्ये रोझेनबाख या जर्मन डॉक्टरांनी, वाढवल्यावर तो सोनेरी दिसतो म्हणून, ऑरियस हे शेपूट जोडलं.

आता दचकू नका, पण हा स्टॅफ आत्ता तुमच्या नाकात बसलेला असू शकतो. साधारण दहातल्या तीन लोकांच्या नाकात तो मुक्कामाला असतो आणि काही त्रास देत नाही. त्रास कधी होतो? त्याला आत जायला दार मिळालं की. दाढी करताना पडलेली चीर, वॅक्सिंगनंतरची सोलवटलेली कातडी, डास चावल्यावर खाजवून झालेली जखम, घट्ट जीन्सचं घर्षण, किंवा माझ्यासारखा कमरेवर घासणारा ढोल. केसाच्या मुळापाशी तो शिरतो, आणि शरीर लगेच पांढऱ्या पेशींची फौज पाठवतं. दोन्हीकडचे मरतात. त्या मेलेल्या पेशी, जंतू आणि विरघळलेला मांसल भाग मिळून जे तयार होतं, तो पू.

म्हणजे आंबा निर्दोष आहे. आंब्याचा चीक तोंडाला लागून चट्टे उठतात हे खरं, पण ते वेगळं. आंबा पोटात जाऊन कमरेवर गळू उगवत नाही. उन्हाळ्या-पावसाळ्यात गळवं वाढतात, त्याचं कारण घाम, ओलसरपणा आणि घासणारे कपडे. आजीचा महिना बरोबर होता, फक्त गुन्हेगार चुकला.

पिळल्यावर आत काय होतं

हे मला हॉस्पिटलमध्ये डॉक्टर मॅडमनी कागदावर काढून दाखवलं, आणि माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला. गळवाभोवती शरीर एक भिंत बांधतं. आत पू, बाहेर चांगली कातडी, मध्ये ही भिंत. लढाई त्या चार भिंतींत ठेवायची, बाहेर पसरू द्यायची नाही, हा शरीराचा डाव असतो. आपण अंगठ्याने दाबतो तेव्हा वाटतं, पू वर येईल. पण तोंड अजून उघडलेलं नसतं, मग दाब जिकडे जागा मिळेल तिकडे जातो. म्हणजे खाली आणि बाजूला. भिंत आतून फुटते आणि जंतू शेजारच्या निरोगी भागात घुसतात. वर माझी ती पिन, लायटरवर दोन सेकंद धरलेली. त्यापेक्षा माझ्या नखांखाली जास्त घाण असेल म्हणा.

मग जे पसरतं त्याला सेल्युलायटिस म्हणतात. कातडीखालच्या थरात पसरलेला संसर्ग. तो कुठे थांबेल याचा नेम नसतो, आणि तो घरी शेकून बरा करायचा आजार नव्हे.

याच चित्रातून दुसरी गोष्ट पण कळते. भरलेल्या गळवात नुसती गोळी का चालत नाही? कारण गोळी रक्तातून जाते, आणि पुवाच्या त्या खिशाच्या आत रक्तवाहिन्याच नसतात. औषध भिंतीपर्यंत येतं, आत पुरेसं पोचत नाही. म्हणून मोठ्या गळवाचा खरा इलाज म्हणजे पू बाहेर काढणं. एक तर ते आपणहून फुटतं, नाहीतर डॉक्टर जागा बधिर करून, निर्जंतुक हत्याराने छोटा छेद देतात. माझं तेच झालं. त्या छेदाचं मला किती दडपण आलं होतं! प्रत्यक्षात बधिर करायची सुई जरा टोचली, पुढचं कळलंही नाही. आणि पू निघाल्यावर ठणका जो थांबला, तो मात्र खरा हलकेपणा होता.

शेक कसा द्यायचा

आता आजीचा भाग. लहान गळू, म्हणजे बोराएवढ्यापर्यंतचं, ताप नाही, लाली पसरत नाही, आणि माणूस एरवी धडधाकट. अशा वेळी घरचा शेक हाच पहिला इलाज, आणि हे डॉक्टरही सांगतात. उष्णतेने तिथला रक्तपुरवठा वाढतो, पांढऱ्या पेशींची कुमक येते, वरची कातडी मऊ पडते आणि गळू आपणहून तोंड धरतं. काही तर न फुटताच बसतात.

स्वच्छ सुती कापड घ्या. जुना पंचा किंवा रुमाल चालेल, फक्त धुतलेला हवा. पाणी किती गरम? मनगटाच्या आतल्या बाजूला लावल्यावर सुखद वाटेल इतकं, हात मागे घ्यावा लागेल इतकं नाही. आधी हात साबणाने धुवा. कापड बुडवा, पिळा, आणि गळवावर नुसतं ठेवा. दाबायचं नाही, चोळायचं नाही. गार झालं की पुन्हा बुडवा. असं दहा ते पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. एखादा पॉडकास्टचा भाग लावा, अर्ध्या भागात एक शेक होतो. ते कापड पुन्हा तसंच वापरू नका. प्रत्येक वेळी गरम पाण्यात, डिटर्जंटमध्ये धुऊन, पूर्ण वाळवून मगच. नाहीतर तुम्ही त्याच जंतूंचा शेक घेताय.

गरम पाण्याच्या रबरी पिशवीपेक्षा ओलं कापड बरं, कारण पिशवीने भाजल्याचं उशिरा कळतं. ज्यांना मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालीये, त्यांनी तर शेकाच्या फंदात न पडता सरळ डॉक्टरकडे जावं. दुखत असेल तर पॅरासिटामॉल, पाकिटावर लिहिलंय तेवढीच.

आणि काय लावायचं? माझं मत विचाराल तर काहीच नाही. गूळ-चुना लावणारे भेटतील. चुन्याने कातडी भाजते. टूथपेस्ट, कांदा, हळदीचा जाड लेप, यांनी ते आत बरं होत नाही, वरून चिघळतं मात्र, आणि नंतर डॉक्टरला लाली कुठवर आहे तेही दिसत नाही. आजीच्या गरम पोटिसातला गुण पिठात नव्हता, गरमपणात होता. तो आपल्याला पाण्यातून मिळतोच की.

फुटलं, तर घाबरू नका. पू आपोआप वाहू द्या, गॉजने टिपून घ्या, साबण-पाण्याने हलकेच धुवा, आणि वर कोरडा गॉज लावून चिकटपट्टी. पट्टी ओली झाली की बदला. घाण झालेला गॉज पिशवीत बांधून कचऱ्यात, आणि लगेच हात साबणाने, नीट वीस सेकंद. या पुवातच सगळ्यात जास्त जंतू असतात. फुटल्यानंतरही एक-दोन दिवस शेक चालू ठेवा, म्हणजे राहिलेलं निघून जातं. पूर्ण बरं व्हायला एक ते तीन आठवडे लागू शकतात. मला हे आधी माहिती असतं तर मी विसर्जनाच्या तारखेशी शर्यत लावली नसती.

मेडिकलमधली ती ट्यूब

याबद्दल मला अजून राग आहे, थोडा त्या माणसावर आणि जास्त स्वतःवर. मला दिलेली ट्यूब म्हणजे तीन औषधांचं मिश्रण होतं: बुरशीचं, जंतूंचं आणि वर एक कडक स्टिरॉइड. स्टिरॉइडने लाली आणि सूज दबते, म्हणून मला बरं वाटलं. पण लाली ही शरीराच्या लढाईची खूण होती. लढाई दाबली, जंतूंना रान मोकळं. सरकारने २०१८ मध्ये अशा लावायच्या स्टिरॉइड क्रीमना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशा यादीत टाकलंय. तरी ती मागितली की मिळतात, हे तुम्हालाही माहिती आहे. पुढच्या वेळी ट्यूबच्या मागचं बारीक अक्षर वाचा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन अशी नावं दिसली तर ती गळवावर लावायची नाही.

कॅप्सूलचंही तेच. सहा कॅप्सूल म्हणजे दोन दिवस. अर्धवट अँटिबायोटिक घेतलं की कमकुवत जंतू मरतात आणि चिवट मागे राहतात. हा स्टॅफ तर या कामात उस्ताद. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या ज्या बशीत पेनिसिलिनचा शोध लागला, त्या बशीत याच स्टॅफचे जंतू वाढवलेले होते. आणि आज त्याच स्टॅफचे बहुतेक वाण साध्या पेनिसिलिनला जुमानत नाहीत. १९४१ मध्ये ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला हे औषध दिलं गेलं, चेहऱ्यावरून पसरलेल्या अशाच संसर्गासाठी. तो सुधारू लागला, पण साठा संपला. त्याच्या लघवीतून औषध परत काढून दिलं, तेही पुरलं नाही, आणि तो गेला. त्याला जे मिळालं नाही ते आपल्याला कोपऱ्यावर मिळतं, आणि आपण ते सहा-सहाने घेतो. डॉक्टरने पाच-सात दिवसांचा कोर्स दिला तर तो पूर्ण घ्या, आणि रूममेटच्या खणातल्या उरलेल्या गोळ्या रूममेटलाच ठेवा.

घरचं सोडून कधी निघायचं

नाकावर, नाकाच्या बाजूला किंवा वरच्या ओठावर गळू आलं तर पहिल्याच दिवशी. तिथल्या शिरा डोळ्यामागून मेंदूकडे जाणाऱ्या शिरांशी जोडलेल्या असतात. संसर्ग तिकडे जाणं दुर्मीळ आहे, पण गेलाच तर जिवावर बेततं. सेल्फी चांगला यावा म्हणून तिथलं काही फोडायचं नाही. मणक्यावर, गुदद्वाराजवळ किंवा जांघेत असेल, लहान बाळाला असेल, मधुमेह असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तरी वाट बघू नका. बाकीच्यांनी ताप आला, गळू दोन इंचांच्या वर गेलं, एकाची दोन-तीन झाली, ठणका असह्य झाला किंवा दोन आठवड्यांत बरं झालं नाही, की जायचं.

लाली पसरतेय का हे कसं ओळखायचं? डॉक्टर मॅडमनी शिकवलेली युक्ती: बॉलपेनने लालीच्या कडेकडेने रेघ मारा, शेजारी वेळ लिहा, आणि फोटो काढा. काही तासांनी लाली रेघेच्या बाहेर गेलेली दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना. आणखी एक. इंटरनेटवरचे बहुतेक फोटो गोऱ्या कातडीवरचे असतात. आपल्या सावळ्या-काळ्या रंगावर लाली लाल दिसतेच असं नाही. जांभळट किंवा नुसती जास्त काळपट दिसते. म्हणून उलट्या हाताने स्पर्श करून बघा, गरम लागतंय का, कडक आहे का, चकाकतंय का. गळवापासून वर जाणारी लाल रेघ दिसली तरी तेच. आणि तापाबरोबर धाप लागली, माणूस असंबद्ध बोलू लागला, खूप गळून गेला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल. तो संसर्ग रक्तात गेल्याचा इशारा असू शकतो.

वारंवार गळवं येत असतील तर रक्तातली साखर तपासा. आमच्या पथकातल्या एका दादाला वर्षात चार झाली. तो म्हणायचा उष्णता आहे. तपासली तर साखर जेवणाआधीच दोनशेच्या वर. वय एकतीस. साखर ठीक असेल तर डॉक्टर नाकातला स्टॅफ घालवायला मलम आणि अंघोळीसाठी जंतुनाशक द्रव देतात, कधीकधी घरातल्या सगळ्यांनाच. आणि काखेत किंवा जांघेत पुन्हा पुन्हा त्याच जागी येत असतील, व्रण राहत असतील, तर तो हायड्राडेनायटिस नावाचा वेगळाच आजार असू शकतो. त्याचा स्वच्छतेशी संबंध नाही, तेव्हा लाज न बाळगता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

मला गळू आलं कुठून, याचा शोध मी नंतर घेतला. तर आमच्याकडे कमरेला बांधायची कापडं सामायिक होती. ज्याच्या हाताला जे येईल ते. घामाने भिजलेली, एका गोणीत कोंबलेली, आठवड्यातून एकदा धुतली तर धुतली. ज्या मित्राने मला पिनचा सल्ला दिला, त्याचंही केसतोड त्याच जागी होतं, माझ्या दहा दिवस आधी. आम्ही दोघं एकच कापड आलटून पालटून बांधायचो.

या वर्षी सराव सुरू झाला तेव्हा मी ताईंना, म्हणजे आमच्या पथकप्रमुखांना, एवढंच सांगितलं की प्रत्येकाने आपापलं कापड आणायचं आणि रोज घरी नेऊन धुवायचं. टॉवेल आणि रेझर पण आपापला. ज्याला फुटलेलं गळू आहे त्याने पट्टी लावून यायचं, आणि पू पट्टीबाहेर येत असेल तर ते वाळेपर्यंत ढोल बांधायचा नाही, झेंडा धरायचा. थोडी कुरकुर झाली. "नाजूक झालास रे," असंही कुणीतरी म्हणालं. मी शर्ट वर करून तो व्रण दाखवला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या पाठीवर आपापली पिशवी होती.